जठरातल्या प्रवाहाचं सिम्युलेशन: भिंत दाबली की मेश मोडते, आणि मिश्रण मात्र संशय यावा इतक्या लवकर होतं

बाणेर_बाउंडरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जठराच्या खालच्या भागाचं, म्हणजे अँट्रमचं, मॉडेल ओपनफोममध्ये (द्रवप्रवाहाचं गणित करणारं मुक्त सॉफ्टवेअर) बसवतोय. प्रश्न साधा आहे: जठरात ज्वारीची आंबील आहे, वरून जाठररस येतोय, तर तो तिच्यात किती वेळात मिसळतो?

सध्याची मांडणी: सरळ नळी, लांबी १० सेंमी, त्रिज्या १.५ सेंमी. आकुंचनाच्या लाटा दर २० सेकंदांनी, वेग २.५ मिमी/से, प्रत्येक लाटेची रुंदी २ सेंमी, आकार कोसाइन. नळीत कुठल्याही क्षणी दोन लाटा असतात. त्रिज्या ८०% आकसायला हवी आहे. मेश (नळीतली जागा छोट्या सेलमध्ये तोडणारी जाळी) स्नॅपीहेक्समेशने केलेली, १६ लाख सेल, भिंतीलगत ३ लेयर. मेश हलवायला डिस्प्लेसमेंट लाप्लासियन (भिंतीची हालचाल आतल्या बिंदूंवर पसरवणारं समीकरण), त्यातली डिफ्युझिव्हिटी भिंतीपासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात. सॉल्व्हर पिंपलफोम, टर्ब्युलन्सला (खळाळत्या प्रवाहाला) के-एप्सिलॉन मॉडेल. भिंतीवर नो-स्लिप, वरचं टोक बंद, पायलोरसला (जठराच्या बाहेरच्या तोंडाला) शून्य दाब. जाठररस म्हणजे साधा पॅसिव्ह स्केलर (प्रवाह न बदलता त्याच्यासोबत वाहणारा रंग), तो पुढे नेण्याची स्कीम अपविंड.

अडचणी तीन. त्रिज्या ६०–६५% आकसली की निगेटिव्ह व्हॉल्यूम (सेल उलटा होऊन आकारमान ऋण) येऊन गाडी थांबते. ६०% वर चालते, पण पायलोरसमधून द्रव बाहेर जातो आणि लाट संपली की तेवढाच परत आत येतो. तिसरं म्हणजे तीन लाटांतच स्केलर ९५% मिसळलेला दिसतो. आंबीलीसारखा दाट पदार्थ मिनिटभरात एकजीव होत असेल हे मनाला पटत नाही. नक्की कुठून सुरुवात करू?

---

पिंपळेफोम_सौदागर

तिन्ही अडचणी वेगवेगळ्या दिसतात, पण पहिल्या दोन भूमितीतल्या आहेत, म्हणून त्या आधी. मिश्रणाचं नंतर बघू. मेश नीट हलत नसेल तर पुढच्या आकड्यांना काही अर्थ नाही.

निगेटिव्ह व्हॉल्यूमचं कारण तुमच्या डिफ्युझिव्हिटीत आहे. अंतराच्या व्यस्त प्रमाणात दिली की भिंतीजवळचे सेल कडक राहतात आणि सगळा दाब नळीच्या मध्यावर जातो. विमानाच्या पंखाला ते योग्य, कारण तिथे भिंत थोडी हलते आणि बाहेर मोकळी जागा असते. इथे चारही बाजूंनी भिंत आत येते आणि मधले सेल चिरडतात. त्यात लेयरचे पातळ सेल तसेच राहतात, म्हणजे गळ्यात खऱ्या प्रवाहाला जागाच उरत नाही.

नळीसारख्या आकारात लाप्लासियन सोडवायची गरजच नाही. प्रत्येक बिंदूचं मध्यरेषेपासूनचं मूळ अंतर घ्या आणि त्या ठिकाणी, त्या क्षणी भिंत ज्या प्रमाणात आकसली आहे त्याच प्रमाणाने गुणा. भिंत ०.२ पट झाली तर मधला प्रत्येक बिंदूही ०.२ पट जवळ येतो. सेल एकमेकांना ओलांडूच शकत नाहीत, त्यामुळे निगेटिव्ह व्हॉल्यूम येत नाही. त्यासाठी मूळ बिंदू जपून ठेवणारा जो मोशन सॉल्व्हर क्लास आहे, त्यावरून छोटा क्लास काढून नवे बिंदू परत करणारं फंक्शन तेवढं लिहायचं. पन्नास-साठ ओळींचं काम आहे. व्हेलॉसिटी लाप्लासियनच्या वाटेला जाऊ नका: त्यात प्रत्येक पायरीची चूक साठत जाते आणि लाट पुढे गेल्यावर मेश मूळ जागी परत येत नाही.

मेश स्नॅपीने करू नका. ब्लॉकमेशने ओ-ग्रिड करा, मध्ये चौकोन आणि भोवती चार तुकडे, सगळे हेक्स, लेयर नकोत. व्यासावर २४ सेल ठेवले तर गळा ६ मिमीचा झाला तरी त्यात २४ सेलच राहतात, म्हणजे प्रत्येकी पाव मिमी. लांबीच्या दिशेने ०.४ मिमी पुरेत. नॉन-ऑर्थोगोनॅलिटी (सेल किती तिरके झाले ते) मात्र तपासा. ८०% आकुंचन, त्रिज्या १.५ आणि रुंदी २ सेंमी असेल तर भिंतीचा उतार सर्वाधिक ६२ अंशांच्या आसपास जातो. चेकमेश ७० च्या पुढे कुरकुर करतं, म्हणजे तुम्ही काठावर आहात. लाटेची रुंदी ३ सेंमी केलीत तर तो उतार ५१–५२ अंशांवर येतो. नॉन-ऑर्थोगोनल करेक्टर २ ठेवा.

पुढे सरळ नळीऐवजी जठराचा खरा वळणदार आकार घ्याल तेव्हा हीच युक्ती चालते, पण एका अटीवर: मध्यरेषेच्या वक्रतेची त्रिज्या नळीच्या त्रिज्येपेक्षा मोठी हवी. इन्सिसुराच्या (जठर जिथे वळतं त्या खाचेच्या) वळणावर आतल्या बाजूला छेद एकमेकांत घुसतात आणि मेश तिथेच मरते. त्या भागात मध्यरेषा थोडी बाहेरच्या बाजूला सरकवावी लागते.

आता आकारमान. द्रव असंपीड्य आहे. नळी दाबली की आतला द्रव कुठेतरी जायलाच हवा. तुमची ८०% ची एक लाट सुमारे ८ मिली द्रव बाजूला सारते (६०% ला साडेसहा). वरचं टोक बंद, उघडं फक्त पायलोरस, मग लाट खोल होताना तेवढा द्रव तिथून बाहेर पडणार आणि लाट संपली की आत येणार. तुम्हाला दिसतंय ते सॉल्व्हरने इमानदारीने केलेलं गणित आहे. मांडणीच उलटी आहे.

खऱ्या जठरात अँट्रमच्या वर कॉर्पस (मधला भाग) आणि फंडस (वरचा घुमट) आहेत. फंडस सैल पडतो, घट्ट होतो आणि आकारमानाचा हिशोब तिथे जुळतो. तेव्हा वरचं टोक उघडं ठेवा: तिथे टोटल प्रेशर शून्य, वेगाला प्रेशर-इनलेट-आउटलेट, स्केलरला इनलेटआउटलेट. पायलोरसला दाब देऊ नका, ठरावीक प्रवाह द्या. दोन्ही टोकांना शून्य दाब दिलात तर या लाटा मिनिटाला ७०–८० मिली पंप करतील. प्रत्यक्षात जठर कॅलरीच्या हिशोबाने रिकामं होतं, साधारण मिनिटाला २ ते ४ किलोकॅलरी. अर्धा किलोकॅलरी प्रति मिलीचं पेय धरलं तर ३ किलोकॅलरी म्हणजे मिनिटाला ६ मिली, म्हणजे एका लाटेमागे २ मिली. बाजूला सारलेल्या ८ पैकी २ बाहेर, बाकी सगळं मागे. हा मागे येणारा झोतच तुम्हाला हवाय.

पायलोरस उघडताना-मिटताना प्रवाह एका टाइमस्टेपमध्ये बंद करू नका, दाबाचा टोकदार सुळका येतो. अर्ध्या सेकंदात हळूहळू उतरवा. लाट जन्माला घालतानाही तेच: पहिल्या ३ सेंमीत खोली शून्यापासून वाढवत न्या.

एक नेहमीची चूक: हलत्या भिंतीवर नो-स्लिप म्हणजे वेग शून्य, पण भिंतीचा वेग शून्य नाही. मूव्हिंग-वॉल-व्हेलॉसिटी लावा. नाहीतर भिंत द्रवातून आरपार गेल्यासारखी हलते आणि कंटिन्युइटीची चूक वाढत राहते.

---

रेनॉल्ड्सराव

वरचं सगळं बरोबर. त्यात के-एप्सिलॉन काढून टाका, हे राहिलं.

हाताने हिशोब करा. लाट पायलोरसपासून दूर आहे आणि पायलोरस जवळपास बंद आहे असं धरा. लाटेच्या पुढे अडकलेला द्रव गळ्यातून मागे यायलाच हवा. निव्वळ आकारमानाच्या हिशोबाने:

गळ्यातला सरासरी वेग = लाटेचा वेग × (मोकळ्या नळीचं क्षेत्रफळ ÷ गळ्याचं क्षेत्रफळ − १)

६०% आकुंचनाला क्षेत्रफळांचं गुणोत्तर ६.२५, वेग १.३ सेंमी/से. ८०% ला गुणोत्तर २५, वेग ६ सेंमी/से. ९०% ला गुणोत्तर १००, आणि वेग थेट २५ सेंमी/से! आकुंचन किती धरलं यावर झोत किती नाजूकपणे अवलंबून आहे ते बघा. एमआरआयवरून त्रिज्या मोजताना मिलीमीटरभर इकडेतिकडे झालं की झोत दुप्पट. अहवालात ‘झोताचा वेग अमुक’ असं लिहिताना शेजारी आकुंचनाची टक्केवारी नसेल तर तो आकडा निरुपयोगी आहे.

८०% ला पाण्यासारख्या द्रवात गळ्याचा रेनॉल्ड्स अंक (जडत्व आणि व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, यांचं गुणोत्तर) सुमारे ३६० येतो. हा प्रवाह लॅमिनार, म्हणजे न खळाळणारा, आहे. झोत थोडा डुलेल, समितीय राहणार नाही, म्हणून वेज (नळीची एकच पातळ फाक) करून काम भागवू नका. पण के-एप्सिलॉन इथे फक्त खोटी व्हिस्कॉसिटी ओततं आणि स्केलरला खोटं मिश्रण देतं. तुमच्या तीन लाटांतल्या ९५ टक्क्यांत त्याचा वाटा नक्की आहे.

द्विमितीय मॉडेलचा मोहही टाळा. २००४ साली पाल, ब्रॅस्युर वगैरे मंडळींनी लॅटिस बोल्ट्झमन पद्धतीने केलेलं जठराचं काम द्विमितीयच होतं, आणि त्या काळी ते मोठं पाऊल होतं. फेरुआ आणि सिंग यांचं त्रिमितीय मॉडेल २०१० चं. चपट्या झोतात आणि गोल झोतात वेग उतरण्याचा नियमच वेगळा आहे, त्यामुळे द्विमितीय आकडे गोल गळ्याला लावता येत नाहीत.

आंबील टाकण्याआधी एक पडताळणी करा. शापिरो, जाफ्रिन आणि वाइनबर्ग यांनी १९६९ मध्ये लांब लाट आणि नगण्य रेनॉल्ड्स अंकासाठी नळीतल्या पेरिस्टाल्सिसचं (आकुंचनाच्या लाटांनी द्रव ढकलण्याचं) सूत्र दिलं. दोन्ही टोकांना सारखा दाब असेल तर सरासरी प्रवाह भागिले (सरासरी त्रिज्येचं क्षेत्रफळ गुणिले लाटेचा वेग) याचं उत्तर फक्त आकुंचनाच्या गुणोत्तरावर (लाटेचा आयाम भागिले सरासरी त्रिज्या) ठरतं. गुणोत्तराच्या वर्गाला ‘व’ म्हणू: उत्तर = व × (१६ − व) ÷ [२ × (२ + ३व)]. गुणोत्तर ०.६ ला हे ०.९१ येतं. साइन लाट, त्रिज्या १ सेंमी, वेग २.५ मिमी/से घेतलात तर सेकंदाला ०.७२ मिली. तरंगलांबी त्रिज्येच्या दहा पटीपेक्षा जास्त आणि व्हिस्कॉसिटी १ पास्कल-सेकंद ठेवा. उत्तर २% च्या आत आलं नाही तर भिंतीची बाउंडरी कंडिशन किंवा मेशचा फ्लक्स चुकतोय. ही केस लॅपटॉपवर होते.

---

श्यान_शनिवार

आंबीलीबद्दल कोणीच बोललं नाही, तेव्हा ते मी घेतो.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक: ओपनफोमच्या असंपीड्य सॉल्व्हरमध्ये व्हिस्कॉसिटी घनतेने भागलेली लागते. रिओमीटरवरून (व्हिस्कॉसिटी मोजायच्या यंत्रावरून) पॉवर लॉचा के समजा २ आला (एसआय एककात) आणि एन ०.४, तर फाइलमध्ये के ०.००२ जायला हवा. २ लिहिलंत तर आंबीलीचं डांबर होतं. सॉल्व्हर तक्रार करत नाही, झोत फक्त गायब होतो. हर्शेल-बल्क्ली वापरलंत तर यील्ड स्ट्रेसही (पदार्थ वाहू लागायला लागणारा किमान ताण) घनतेने भागायचा.

दुसरं, शिअर रेटची (द्रवाचे थर एकमेकांवरून किती वेगाने घसरतात त्याची) कक्षा. जठरात बहुतेक जागी शिअर रेट ०.१ ते १० प्रति सेकंद असतो. गळ्यात तो थोडा वेळ ८० पर्यंत जाईल. १०० ते १००० मध्ये मोजलेला आलेख मागे ताणू नका. वरच्याच आकड्यांनी: शिअर रेट १० ला व्हिस्कॉसिटी ०.५ पास्कल-सेकंद, १ ला २, आणि ०.०१ ला जवळपास ३२. पॉवर लॉ शून्याकडे जाताना अनंताकडे जातो, म्हणून वरची मर्यादा द्यावी लागते. ३२ पास्कल-सेकंदावर थांबवायचं तर ती मर्यादा ०.०३२. ती दुप्पट करून एक लाट पुन्हा चालवा. झोत आणि मागच्या भोवऱ्यांची लांबी बदलली नाही तर मर्यादा ठीक.

याच आकड्यांनी गळ्यातला रेनॉल्ड्स अंक २–३ येतो. म्हणजे ३६० चा पाण्याचा झोत विसरा. आंबीलीत तो गळ्यातून बाहेर पडल्यावर एखाद्या व्यासाच्या आत विरतो.

मोजताना: कोन-प्लेट वापरू नका. कोनाच्या टोकाशी फट ५० मायक्रॉनच्या घरात असते, ज्वारीच्या पिठाचे कण त्यात अडकतात आणि टॉर्क उड्या मारतो. व्हेन आणि मोठा कप घ्या. तापमान ३७ अंश, कपावर झाकण. झाकण नसेल तर वर साय धरते आणि आकडा चढत जातो. आंबील गार होताना स्टार्च घट्ट होतं, म्हणून २५ अंशांचा आकडा चालणार नाही. लाळेतल्या अमायलेजमुळे व्हिस्कॉसिटी काही मिनिटांत उतरू शकते, पण आंबीलीचा आंबटपणा ते एन्झाइम मंदावतो. किती, ते तुमची आंबील किती आंबली आहे त्यावर. तेव्हा लाळेसह आणि लाळेविना दोन्ही मोजा.

आता खरा मुद्दा. तुमचा जाठररस पॅसिव्ह स्केलर आहे, म्हणजे त्याला आंबीलीचीच व्हिस्कॉसिटी दिली आहे. प्रत्यक्षात तो पाण्यासारखा, ३७ अंशांना सुमारे ०.७ मिलीपास्कल-सेकंद. आंबील १ प्रति सेकंदाला २ पास्कल-सेकंद. जवळपास तीन हजार पटींचा फरक. असा पातळ रस दाट लगद्यात शिरत नाही. तो भिंत आणि लगद्यामधून सरकतो आणि पायलोरसपर्यंत वाट काढतो. व्हिस्कॉसिटी स्केलरवर अवलंबून ठेवली नाहीत तर तुम्ही वेगळाच प्रश्न सोडवताय. त्यासाठी आंबीलीत कृत्रिम जाठररस घालून तीन-चार प्रमाणांत मोजा. इन्फोजेस्टच्या (प्रयोगशाळेतल्या कृत्रिम पचनाच्या प्रमाणित) पद्धतीत जठराच्या टप्प्यात अन्न आणि रस १:१, पीएच ३, दोन तास असं असतं, तेव्हा शेवटचं प्रमाण ते धरा आणि मधले ९०:१० आणि ७५:२५. इंटरपोलेशन व्हिस्कॉसिटीच्या लॉगवर करा. सरळ केलंत तर थोडा रस मिसळल्यावरची मोठी घसरण दिसतच नाही.

---

औंध_रसायन

गुरुत्वाकर्षण घातलंय का? प्रश्नात दिसत नाही.

घनतेत फक्त १% फरक, उंची ५ सेंमी, वेग १ सेंमी/से: रिचर्डसन अंक (उत्प्लावन आणि जडत्व यांचं गुणोत्तर) पन्नासच्या आसपास येतो. पाण्यासारख्या द्रवात उत्प्लावनच राज्य करतं, लाटा नव्हेत. व्हिस्कॉसिटी १ पास्कल-सेकंद धरून उत्प्लावनाची तुलना व्हिस्कस ताणाशी केली तरी गुणोत्तर २४ येतं. बूसिनेस्क पद्धतीने (घनतेतला फरक फक्त गुरुत्वाकर्षणात धरून) पद घालणं अवघड नाही, पण मग मॉडेल कुठल्या दिशेला आडवं आहे ते ठरवावं लागतं, आणि ताकातलं लोणी वर तरंगणार हेही धरावं लागतं.

शरीराची स्थिती किती फरक करते याचं उदाहरण: जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २०२२ मध्ये जठरात गोळी विरघळण्याचं सिम्युलेशन केलं. उजव्या कुशीवर जे १० मिनिटांत होतं त्याला उभ्याने २३ मिनिटं लागली आणि डाव्या कुशीवर शंभराहून जास्त. उजव्या कुशीवर जड गोळी अँट्रमकडे जाते, डाव्या कुशीवर फंडसमध्ये पडून राहते. दुपारी एक ते चार वामकुक्षी घेणाऱ्या शहरात हे सांगायला थोडं धाडस लागतं, पण गोळी घेऊन लगेच डाव्या कुशीवर पडू नये एवढं त्यातून निघतं. जेवणाबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही, तेव्हा पुणेकरांनी निश्चिंत असावं.

फार्मातल्या कोणाला हा आकडा दाखवायचा असेल तर तो पॅडल टेस्टशी (गोळी विरघळण्याची प्रमाणित चाचणी, यूएसपी २) जोडून दाखवू नका. यूएसपी २ मध्ये ९०० मिली, ५० किंवा ७५ आरपीएम, आणि पॅडलखाली तळाशी साचलेला ढीग हा त्या भांड्याचा दोष आहे. जठरात पॅडल नाही, तिथला प्रवाहच वेगळा आहे.

---

बाणेर_बाउंडरी

मनापासून आभार. गुणोत्तराने बिंदू हलवायची युक्ती लावली, ८०% ला मेश शाबूत आहे. वरचं टोक उघडलं, मूव्हिंग-वॉल लावलं, के-एप्सिलॉन काढलं. शापिरोच्या केसला ०.९० आलं.

तरीही स्केलर लवकरच मिसळतोय, पूर्वी तीन लाटा लागत होत्या, आता पाच-सहा. लॅमिनार आहे, डिफ्युझिव्हिटी ०.००१ चौमिमी/से दिली आहे. मग हे मिश्रण येतंय कुठून?

---

रेनॉल्ड्सराव

अपविंडमधून. ०.९० ठीक आहे, पुढे चला.

अपविंड स्कीम स्वतःची डिफ्युझिव्हिटी घालते, ढोबळमानाने वेग × सेलची लांबी ÷ २. वेग १० मिमी/से, सेल ०.४ मिमी, तर २ चौमिमी/से. तुम्ही दिलेल्या खऱ्या डिफ्युझिव्हिटीच्या दोन हजार पट! ५ मिमीचा पट्टा पुसायला खऱ्या रेणवीय विसरणाला २५,००० सेकंद लागतात, म्हणजे सुमारे सात तास. तुमच्या स्कीमला लागतात १२. पडद्यावर रंग एकजीव झालेला दिसतो त्यातलं बहुतेक काम अपविंडने केलंय, जठराने नाही.

व्हॅन लीर किंवा लिमिटेडलिनियर ही जास्त अचूक स्कीम लावली तर चूक बरीच कमी होते, पण प्रश्न सुटत नाही. झोत द्रवाला ताणून पातळ पापुद्रे करतो आणि त्यांची जाडी घटत घटत डिफ्युझिव्हिटी जिथे जिंकते तिथे थांबते. शिअर रेट १ धरला तर ती जाडी ३० मायक्रॉनच्या आसपास. ७० मिलीच्या तुमच्या नळीत ३० मायक्रॉनचे सेल बसवायचे तर २६० कोटी सेल लागतील. परम ब्रह्मवर (आयसर पुण्याच्या महासंगणकावर) वेळ मिळाला तरी हे करू नका.

म्हणून मिश्रण कणांनी मोजा. वेगाचं क्षेत्र ०.४ मिमीच्या मेशवर उत्तम मिळतं, कारण व्हिस्कॉसिटी ते गुळगुळीत ठेवते. त्या क्षेत्रात वस्तुमान नसलेले २०,००० कण सोडा, अर्धे लाल अर्धे निळे, आणि रुंगे-कुट्टा ४ ने पुढे न्या. खरं विसरण हवं असेल तर प्रत्येक पायरीला यादृच्छिक धक्का द्या: पायरी ०.१ सेकंद असेल तर प्रत्येक अक्षावर धक्क्याचं प्रमाण विचलन १४ मायक्रॉन.

मोजमापाला जागा ५ मिमीच्या घनांत विभागा. सुमारे ५६० घन, प्रत्येकात सरासरी ३६ कण. लाल कणांच्या अंशाचं प्रमाण विचलन सुरुवातीला ०.५. पूर्ण एकजीव झाल्यावरही ते शून्य होत नाही, ०.०८ वर थांबतं, कारण ३६ कणांची नाणेफेक तेवढीच नेमकी असते. ०.०८ ला ‘८% न मिसळलेलं’ समजू नका. आणखी खाली बघायचं असेल तर कण वाढवा.

कण भिंतीबाहेर गळतात ही नेहमीची डोकेदुखी. तुमची मेश गुणोत्तराने हलते, तर कणांचा माग मूळ न आकसलेल्या नळीच्या निर्देशांकांतच ठेवा. भिंत तिथे स्थिर असते, गळती जवळपास थांबते.

---

पिंपळेफोम_सौदागर

वेळेचा अंदाज देतो, नाहीतर क्लस्टरच्या रांगेत निराशा व्हायची. ८०% आकुंचनाला गळ्याच्या मध्यावर वेग १२ सेंमी/से पर्यंत जातो (सरासरीच्या दुप्पट). सेल ०.४ मिमी, कूरांट ०.५ (एका पायरीत द्रव अर्धा सेल पुढे), तर टाइमस्टेप ०.००१७ सेकंद. एका लाटेला १२,००० पायऱ्या, दहा लाटांना १,२०,०००. पायरीला दीड सेकंद धरला तर ५० तास. प्रति कोर २०–५० हजार सेल ठेवा. त्याहून कमी केलेत तर कोर एकमेकांशी गप्पाच मारत बसतात.

आंबीलीत प्रवाह दोन-तीन लाटांनंतर दर २० सेकंदांनी तंतोतंत तोच होतो. मग पूर्ण दहा लाटा कशाला? एका आवर्तनाची २०० क्षेत्रं ०.१ सेकंदाच्या अंतराने जतन करा आणि कणांना त्यातूनच फिरवत राहा. २० लाख सेल धरले तर वेगाचं एक क्षेत्र ४८ एमबी, सगळी मिळून साडेनऊ जीबी.

नॉन-न्यूटोनियनमध्ये पिंपलचे आउटर करेक्टर (एकाच पायरीत पुन्हा सोडवायच्या फेऱ्या) १ वर ठेवू नका. व्हिस्कॉसिटी आणि वेग एकमेकांच्या मागे एक पायरी राहतात आणि गळ्याशी वेगाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो. ३ ठेवा.

---

औंध_रसायन

आवर्तन फिरवत राहण्याला एक आक्षेप. व्हिस्कॉसिटी स्केलरवर अवलंबून असेल तर रस मिसळत जाईल तसा प्रवाहही बदलणार. मग दुसरी लाट पहिलीसारखी कशी असेल? एकाच व्हिस्कॉसिटीच्या आंबीलीला ही युक्ती चालेल, रसासह चालणार नाही.

---

पिंपळेफोम_सौदागर

मान्य. रसासह पूर्णच चालवावं लागेल, आणि तिथे कणांवरूनच स्थानिक प्रमाण काढून व्हिस्कॉसिटीला द्यावं लागेल. म्हणून आधी रसाविना केस पुरती करा. पाण्यालाही आवर्तन लावू नका, ३६० च्या रेनॉल्ड्सला झोत प्रत्येक लाटेत थोडा वेगळा डुलतो.

---

भोसरी_टूलरूम

सिम्युलेशन झालं की कोणीतरी विचारणारच, ‘प्रत्यक्ष मोजलंय का?’ पारदर्शक सिलिकोनचं अँट्रम ओतून पीआयव्ही (द्रवातल्या कणांचे फोटो काढून वेग मोजणं) करता येतं. सिलिकोनचा अपवर्तनांक १.४१. वजनाने ६०% ग्लिसरीन आणि ४०% पाणी घेतलं की द्रवाचाही १.४१ होतो आणि भिंत जवळपास दिसेनाशी होते. मागे रेघांचा कागद धरा. रेघा भिंतीपाशी वाकल्या नाहीत तर जुळलं.

पण हा द्रव २० अंशांना पाण्याच्या अकरा पट दाट आहे, घनता १.१५. पाण्याचा रेनॉल्ड्स अंक जपायचा तर मॉडेल दुप्पट मोठं करा आणि लाट २.५ ऐवजी ११.७ मिमी/से ने चालवा. वेग आणि आकार दोन्ही बदलले की लाटांमधलं अंतरही बदलतं: २० ऐवजी ८.५ सेकंद. हे विसरलात तर झोत जुळतो, भोवरे जुळत नाहीत.

नळीचा गाभा भोसरीत कुठल्याही सीएनसीवाल्याकडे डेल्रिनमध्ये काढून मिळतो. पृष्ठभाग पॉलिश करायला सांगा, टूलच्या खुणा सिलिकोनवर जशाच्या तशा उमटतात. ओतण्याआधी सिलिकोन व्हॅक्यूममध्ये ठेवून बुडबुडे काढा. भिंतीची जाडी ३ मिमी ठेवा. २ च्या खाली गेलात तर रोलर दाबताना भिंत सुरकुतते आणि गळा गोल राहत नाही. लाटेसाठी समोरासमोर दोन रोलर नकोत, त्याने गळा चपटा होतो. सहा रोलरची अंगठी करून ती लांबीवर सरकवा. स्टेपर आणि ड्रायव्हर तपकीर गल्लीत मिळतात.

---

बाणेर_बाउंडरी

ग्लिसरीनचं मिश्रण किती दिवस टिकतं? रोज नवीन करावं लागेल का?

---

भोसरी_टूलरूम

झाकून ठेवलंत तर बरेच दिवस. उघडं ठेवलंत तर प्रमाण बदलतं: पावसाळ्यात ते हवेतून पाणी ओढतं, उन्हाळ्यात उलट पाणी उडून दाट होतं. प्रत्येक वेळी चालू करण्याआधी रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून बघा आणि तापमान लिहून ठेवा. २० वरून ३० अंशांवर गेलं की व्हिस्कॉसिटी जवळपास एक तृतीयांशाने उतरते आणि रेनॉल्ड्स अंक सुमारे दीडपट होतो. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत प्रयोग करायचा असेल तर लाटेचा वेग त्या दिवशीच्या व्हिस्कॉसिटीवरून नव्याने काढा. ११.७ चा आकडा फक्त २० अंशांचा आहे.